मंगळवारचा जावई

मंगलताई, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. तुझ्याबद्दल मी चांगलंच बोलणार आहे, त्याची काळजी करू नको. पण एका जिवंत माणसाबद्दल मी आज लई वाईट बोलणार आहे, आणि तू नेहमीसारखं "जाऊ दे गं रेखा" म्हणून मला मधे थांबवू शकत नाहीस. तुझ्या जाण्यानं तेवढा एक फायदा झालाय मला. दुसरा कुठलाच झाला नाही.

तुझं तेरावं होऊन आज दहा दिवस झाले. तुझ्या लेकीनं, पूजानं, सगळ्या दुकानाला जेवायला बोलावलं होतं. शिफ्ट सांभाळून आम्ही आळीपाळीनं मुकुंदवाडीला तुझ्या घरी येऊन गेलो. दाजी चितेगावच्या कंपनीतून रजा घेऊन दारातच बसले होते आणि प्रत्येकाला विचारत होते, "जेवलात का? पोटभर जेवलात ना?" तुझीच सवय लागलेली त्यांना. सगळ्या बायका रडत होत्या. मला रडू आलं नाही, राग आला. मला एवढंच दिसत होतं की तो माणूस आत्ता ज्योतीनगरात आपल्या घरी पंख्याखाली बसून चहा पीत असेल आणि त्याला पत्तासुद्धा नसेल.

तुला काही सांगायची गरज नाही, पण मला आज पहिल्यापासून सगळं काढायचं आहे. सिडकोतलं आपलं ते तीन मजल्यांचं दुकान, बिलाची सहा काउंटरं, चारवर तू, तीनवर मी. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला तो पिवळा कागद. नमस्कार म्हणायचं आणि मग पाच प्रश्न. कार्ड आहे का, मोबाईल नंबर सांगता का, आजची ऑफर घेणार का, पिशवी हवी का, आणि बिल हातात देताना शेवटचा, सगळं मिळालं का. पाचच्या पाच, येईल त्या प्रत्येकाला, दिवसभर. माणसाच्या खांद्याला ही भली मोठी पिशवी लटकत असली तरी पिशवी हवी का विचारायचंच. कारण कंपनी अधूनमधून आपलाच माणूस कस्टमर बनवून पाठवते. तो साबण घेतो, रांगेत उभा राहतो आणि एक जरी प्रश्न राहिला तरी रिपोर्ट करतो. मग काउंटर जातं. तो कोण असतो ते कुणालाच माहीत नसतं. त्याला सगळे जावई म्हणतात, आणि ते नाव तूच ठेवलेलं. "कधी येईल सांगता येत नाय, कशानं रुसंल सांगता येत नाय, आन् हसून वाढावंच लागतंय," असं म्हणाली होतीस.

माझा पहिला आठवडा आठव. एका बाईनं मला "तुला काय करायचंय माझ्या नंबरशी?" म्हणून अख्ख्या रांगेसमोर झापलं होतं आणि मी गोदामात तांदळाच्या पोत्यावर बसून हुंदके देत होते. तू शेजारी बसून डबा उघडलास. बाजरीची भाकरी आणि ठेचा. माझ्या हातात तुकडा दिलास आणि म्हणालीस, "रडून घे, मग ऐक. आधी माल उचलायचा, मशीनवर फिरवायचा, आन् हात चालू असतानाच विचारायचं. हात थांबवून विचारलं की माणसाला वाटतं आपल्याला अडवलंय. अडवलं की माणूस चिडतो." दुसऱ्या दिवसापासून मी तसंच करायला लागले. आजही तसंच करते. माझी नोकरी त्या एका वाक्यावर टिकली, आणि हे मी तुला कधी सांगितलं नाही.

तू शहागंजात वाढलेली. लग्नाआधी भावाच्या टॉवेल-बनियनच्या गाड्यावर बसायचीस. तिथं गिऱ्हाईक शिव्या घालायचं, भाव पाडायचं, तणतणत निघून जायचं, परत यायचं आणि शेवटी तुमचाच चहा पिऊन जायचं. "शिव्या दे, पण तोंडाकडं बघून दे," हे तुझं म्हणणं. एसीत येणाऱ्या लोकांचं तुला हेच कोडं होतं, की ही माणसं बघतच नाहीत. कानात वायर, नजर मोबाईलमध्ये, आणि आपण काही विचारलं की माशी हाकलल्यासारखा हात. तरी तू विचारायचीस. शेवटचा प्रश्न तर असा विचारायचीस, की त्या माणसाला सगळं मिळालं का याची तुला खरंच काळजी आहे. एकदा एक आजोबा म्हणाले, "नाही गं बाई, सैंधव मीठ कुठं दिसलं नाही," तर तू काउंटर बंदची पाटी लावून स्वतः वरच्या मजल्यावरून मीठ आणून दिलंस. मी तुला येडी म्हणलं होतं.

आणि ती फर्दापूरची सहल! दुकानाची बस अजिंठ्याला गेलेली. तिथं माळा, दगड, पुस्तकं विकणारे अंगावर येतात, तर आम्ही सगळ्या मान खाली घालून सुटलो. तू मात्र प्रत्येकाला थांबून उत्तर देत होतीस. "नको दादा. माळ लई छान हाय, पण नको." "नाय रे बाबा, पुस्तक वाचायला चष्मा आणला नाय मी." बस हॉर्न वाजवत होती, मी तुझा हात धरून ओढत होते, आणि तू म्हणत होतीस, "अगं, त्यानं विचारलंय ना, मग नाय म्हणून तर सांगावं." त्या दिवशी मला तुझा राग आला होता. आता वाटतं, अजून दहा मिनिटं थांबली असती बस तर काय बिघडलं असतं?

आपलं भांडण याच्यावरूनच चालायचं. मी म्हणायचे, जो नीट बोलत नाही त्याची अंडी पिशवीत खाली घालायची आणि वर तेलाचा डबा. तू म्हणायचीस, "विचारायचं काम आपलं. उत्तर त्याच्या आईनं शिकवलं आसंल तसं." मी म्हणायचे, मग बोलव त्याच्या आईला. तू हसायचीस आणि तेवढ्यात पुढचं गिऱ्हाईक यायचं. ते भांडण कधी संपलंच नाही.

ज्याच्यासाठी हे सगळं काढलंय तो सफारीवाला पहिल्यांदा आला तो मंगळवार होता, पुढंही दर मंगळवारीच यायचा. राखाडी सफारी, खिशाला पेन, हातात कापडी पिशवी आणि एक छोटी वही. कुठल्यातरी मोठ्या ऑफिसातून रिटायर झालेला साहेब. घेतलं काय, तर मारी बिस्किटं, ओट्स आणि एक दुधी. तू नमस्कार म्हणलंस. त्यानं तुझ्या बिल्ल्यावरचं नाव वाचलं, घड्याळात बघितलं आणि वहीत काहीतरी खरडलं. तू नंबर विचारलास, तर म्हणाला, "पोपट पाळलेत का इथं?" मागची रांग फिदीफिदी हसली. तू पिशवीचं विचारलंस, तर हातातली पिशवी तुझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "हे काय आहे? डोळे आहेत ना तुला?" तो गेला, आणि तू माझ्याकडं वाकून कुजबुजलीस, "रेखा, जावई!"

मी म्हणलं, हौ, शंभर टक्के. वही, घड्याळ, नाव वाचणं, सगळं जुळत होतं. आणि खरं सांगू का, इतका खवट माणूस खरोखरचा असेल हे आपल्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही. हा कंपनीनंच पाठवला असणार, आपण चिडतो का ते बघायला. दारावरचे रशीदभाई तो पायऱ्या चढताना दिसला की आत येऊन सांगायचे, "मंगल आपा, दामाद साब आ गए." बाकीच्या पोरी त्याला आपल्या रांगेतून काढून तुझ्याकडं पाठवायच्या, कारण तुझा प्रश्न कधी राहायचा नाही.

दहा महिने, मंगलताई. दर मंगळवारी तू गजरा माळून यायचीस. धोंड्याचा महिना लागला तेव्हा मी चेष्टेत म्हणलं, जावयाला अनारसे आण, तर तू खरंच करून आणलेस. मग द्यायची हिंमत होईना, म्हणून आपणच गोदामात बसून खाल्ले. तो काय काय बोलला याच्यावर आपण डबा खाताना खिदळायचो. अक्कल गहाण ठेवलीय का, दहावी तरी झालीस का, हजारदा सांगितलं तरी तेच काय विचारतेस. एकदा तुला खोकला झाला होता, तर नाकाला रुमाल लावून म्हणाला, "असल्यांना कशाला बसवतात समोर?" तू त्यालाही हसून विचारलंस, "सगळं मिळालं का साहेब?" तो वळल्यावर मला डोळा मारलास. अवघड पेपर सोडवून आल्यासारखी खूश होतीस तू.

मग दिवाळीआधीची ती मीटिंग. जुन्या जावयांचं काम संपलं होतं, म्हणून मॅनेजरनं कोण कोण येऊन गेलं त्यांचे फोटो मोबाईलवर दाखवले. एक कॉलेजची मुलगी, एक कडेवर लेकरू घेतलेली बाई, एक दाढीवाला. तू हात वर करून विचारलंस, "आन् ते सफारीवाले साहेब?" मॅनेजरला आधी कळेचना. मग तो हसायला लागला. "ते ज्योतीनगरचे काका? अहो मंगलताई, ते साधे कस्टमर आहेत. त्यांच्या वहीत वाणसामानाची यादी असते."

सगळे हसले. तूही हसलीस. मग रिक्षा मुकुंदवाडीला थांबली. उतरताना पदर सावरलास आणि म्हणालीस, "म्हंजी रेखा, तो खराच तसा हाय."

ते तुझं तोंड मी विसरणार नाही. दहा महिने परीक्षा म्हणून जे हसत गिळलंस ते एका मिनिटात खरं होऊन बसलं. तो सगळं तुलाच बोलला होता आणि मनापासून बोलला होता.

पुढच्या मंगळवारी मीच तुला म्हणलं, "आता काही विचारू नको त्याला. मुकाट बिल कर, हातात दे, मोकळी हो." तू नको म्हणत होतीस. "नियम हाय गं," म्हणालीस. मी म्हणलं, "दहा महिने तो हेच सांगतोय ना, विचारू नका म्हणून? मग ऐक की त्याचं." तू ऐकलंस. त्याचं नाही, माझं ऐकलंस.

आणि नेमका त्याच दिवशी कार्डवर स्टीलचा डबा फुकट होता. त्याच्या खिशात कार्ड होतं, तू विचारलं नाहीस, त्यानं काढलं नाही. त्याच्या मागच्या बाईला तू नेहमीसारखं विचारलंस आणि डबा दिलास. तो दारापर्यंत गेला होता, तिथून गर्रकन वळला. "मला का नाही विचारलं? मी काय भिकारी दिसतो? मुद्दाम केलं हिनं!" दहा महिने विचारलं म्हणून ओरडला आणि त्या दिवशी विचारलं नाही म्हणून ओरडला. रशीदभाई डबा घेऊन त्याच्या मागं धावले, तरी शांत होईना. लेखी तक्रार दिली. शनिवारी परत आला आणि म्हणाला, माफी केबिनमध्ये नको, इथं काउंटरवर मागायला लावा.

तू उठून उभी राहिलीस. "साहेब, चुकलं माझं. परत नाय व्हायचं." तो मोबाईलमध्ये काहीतरी वाचत होता. मान वर न करता "हं" म्हणाला.

आणि मी काय करत होते? मी तीनवर बसून तेलाच्या पिशव्या मशीनवर फिरवत होते. टीं, टीं, टीं. मॅनेजर माझ्यापासून चार हातांवर उभा होता. "सर, मीच सांगितलं होतं तिला," एवढंच बोलायचं होतं. मला दोन पोरं आहेत, नवऱ्याच्या कामाचा भरवसा नाही, हे सगळं खरं आहे आणि मी रोज ते स्वतःला समजावते. पण मी घाबरले, मंगलताई. संध्याकाळी तूच माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालीस, "बरं झालं तू मधी नाय पडलीस." त्यापेक्षा माझ्या मुस्काटात दिली असतीस तर मला आज झोप लागली असती.

सोमवारपासून तुझं काउंटर गेलं. तुला आत गोदामात डाळी भरायला बसवलं. मी विचारलं, कसं वाटतंय, तर म्हणालीस, "बरं हाय. डाळ उलटून बोलत नाय." मी हसले, तू हसली नाहीस. गजरा बंद झाला. चारवर नवी पोरगी आली, ती पाचही प्रश्न एका दमात म्हणून टाकते आणि उत्तराची वाट बघत नाही. मीटिंगमध्ये तिचं कौतुक झालं. तू डबा खाताना मला विचारायचीस, ते आजोबा येतात का, अमकी ताई बाळंत झाली का. मी सांगायचे. तुझी सगळी माणसं माझ्याकडून तुला कळायची, तीन महिने.

मग तो पाण्याचा दिवस. आठ दिवसांनी नळ आला होता, आणि हंडे भरता भरता तू मोरीपाशी बसलीस ती उठली नाहीस. डॉक्टर म्हणाले हृदय. मी म्हणते सफारीवाला. असं नसतं हे मला कळतं. बीपी होतं तुला, गोळ्या चुकवायचीस, त्यावरून मीच तुझ्यावर ओरडायचे. तरी मी म्हणते सफारीवाला. मला हे कुणावर तरी टाकायचं आहे आणि तो माणूस त्याच लायकीचा आहे.

त्याचं वाटोळं होवो असं म्हणत नाही, तुला आवडणार नाही. पण त्याचा दर दुधी कडू निघो. तो बँकेत पोचला की खिडकीला जेवणाच्या सुट्टीची पाटी लागो. कुठं तक्रारीचा फोन लावला तर तासभर नुसतं संगीत वाजो आणि शेवटी फोन कटो. रिक्षावाल्यानं त्याला बघून मान फिरवावी, नातवानं कानात वायर घालून त्याच्याशी बोलावं. आणि एक कबूल करते. तू आत डाळ भरत होतीस तेव्हा दोनदा मी त्याची मारी बिस्किटं दुधीखाली घातली. घरी जाईस्तोवर भुगा झाला असेल. संध्याकाळपर्यंत इतकं बरं वाटलं मला, काय सांगू!

तू गेल्यावर एक मंगळवार त्यानं चुकवला, तेराव्यानंतरच्या मंगळवारी तो आला. चारवर न जाता माझ्या रांगेत उभा राहिला. मी तेरा दिवस ठरवून ठेवलं होतं की हा आला की उभं राहून, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडायचं, "मेली ती. तुम्ही मारलंत तिला." रशीदभाईंनाही सांगून ठेवलं होतं. पण सवयीनं आधी नमस्कारच म्हणलं. कार्ड विचारलं, नंबर विचारला, ऑफर, पिशवी. तो ओरडला नाही. प्रत्येकाला हो, नाही, असं सरळ उत्तर दिलं. बिल त्याच्या हातात देताना शेवटचा प्रश्न उरला. सगळं मिळालं का, असं मी त्याला विचारू? मी नाही विचारलं. रिपोर्ट झाला तर होऊ दे.

तो तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "त्या बाई दिसत नाहीत हल्ली. मंगल नावाच्या."

मी स्क्रीनकडं बघत राहिले.

"रजेवर आहेत का?"

मी बिलाच्या कागदाचा रोल काढून बघितला, परत लावला.

"अहो, मी काहीतरी विचारतोय तुम्हाला."

माणसासारखा विचारत होता, मंगलताई. माझ्या तोंडाकडं बघून विचारत होता. आणि माझ्या अगदी ओठांवर आलेलं मी गिळलं, कारण मला एकदम कळलं पुढं काय होणार ते. सांगितलं की तो "अरेरे" म्हणणार. "चांगल्या होत्या हो," म्हणणार. दोन मिनिटं मान खाली घालणार, आणि मोकळा होऊन दुधी घेऊन घरी जाणार. ते अरेरे मी त्याला म्हणू देणार नाही. त्याच्या खांद्यावरून मी मागच्या बाईला म्हणलं, "या ताई, पुढं या."

काल परत आला. परत मला विचारलं, मी परत मागच्या गिऱ्हाइकाला पुढं बोलावलं. दारावर रशीदभाईंना विचारलं, ते म्हणाले, "मालूम नै साब." चारवरच्या पोरीलाही बजावून ठेवलंय. कुणीच सांगणार नाही, सगळ्या दुकानानं ठरवलंय. तू असतीस तर पहिल्याच वेळी सांगून टाकलं असतंस, वर त्याला बसायला स्टूल दिलं असतंस. पण तू नाहीस आणि मी काही तुझ्यासारखी नाही.

त्याला वाटतं तू आत आहेस. बिल झालं तरी पिशवी हातात धरून गोदामाच्या दाराकडं बघत थांबतो, तू कधीतरी बाहेर येशील म्हणून. थांबू दे. दर मंगळवारी येऊन जन्मभर वाट बघू दे त्याला. फक्त एक अडचण झाली आहे, मंगलताई. तो त्या दाराकडं बघायला लागला की मीपण बघते.